‘तूं’काराचा देश
इस्रायली लोकांची बोलण्याचालण्याची रीत

अनोळखी मनुष्याशीं बोलूं लागतांच मराठी माणसास पहिला विचार पडतो तो सर्वनामाचा. समोरच्यास ‘तूं’ म्हणावें, ‘तुम्ही’ म्हणावें कीं ‘आपण’ म्हणावें, हें ठरल्यावांचून आपलें पहिलें वाक्यच पुरें होत नाहीं. वय, नातें, हुद्दा, ओळख, इतकेंच काय, पण बोलणाराचा त्या दिवशींचा रागलोभ, या सर्वांचा हिशेब एका क्षणांत होऊन योग्य तें सर्वनाम जिभेवर येतें. आपलें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच हा हिशेब शिकलेलें असतें. ज्या भाषेंत हा हिशेबच नाहीं, त्या भाषेंत वाढलेलीं माणसें एकमेकांशीं वागतात तरी कशीं, हें ज्यास जाणावयाचें असेल त्यानें इस्रायल देशाकडे पाहावें.

हिब्रू भाषेंत पुरुषास ‘अत्ता’ आणि स्त्रीस ‘अत्’ म्हणतात. दोहोंचा अर्थ ‘तूं’. अनेकवचनाचें ‘अतेम्’ हें रूप आहे, परंतु आपण ‘तुम्ही’ हें जसें एकट्या वडील माणसास लावतों तसें तें लावीत नाहींत. समोर देशाचा पंतप्रधान असो, दुकानदार असो कीं शेजाऱ्याचा मुलगा असो, सर्वनाम एकच. मात्र तो पुरुष आहे कीं स्त्री, हें क्रियापदासही सांगावें लागतें. ‘तूं जातोस’ आणि ‘तूं जातेस’ हा भेद आपल्यासारखाच तेथेंही आहे. त्या व्याकरणास लिंग कळतें, पायरी कळत नाहीं. संस्कृत शिकलेल्या वाचकास यांत फारसें नवल वाटूं नये. आपल्या ऋषींनीं देवास ‘त्वम्’ म्हणूनच हांक मारली, आणि नाटकांतले तपस्वी राजासही तसेंच बोलतात. आदर दाखवावयाचा तर संस्कृतांत ‘भवान्’ हा शब्द घेऊन तृतीय पुरुषाचें क्रियापद योजावें लागतें. आणि गंमत अशी कीं, हिब्रूंतही न्यायाधीशास अथवा थोर धर्मगुरूस उद्देशून बोलतांना ‘त्यांची प्रतिष्ठा’ अशा अर्थाचा शब्द घेऊन तृतीय पुरुषांतच बोलण्याचा प्रघात आहे. पण तो न्यायालयापुरता व धर्मपीठापुरता. रस्त्यावर आणि घरांत ‘अत्ता’ व ‘अत्’ यांचेंच राज्य.

सर्वनामाची जी कथा तीच नांवाची. इस्रायली शाळेंत विद्यार्थी शिक्षकास सर्रास त्याच्या नांवानें हांक मारतात. आडनांव नाहीं, ‘सर’ नाहीं, ‘गुरुजी’ नाहीं. तीसपस्तीस वर्षें खडू हातीं धरलेल्या माझ्यासारख्या माणसास हें ऐकून प्रथम कसेंसेंच होतें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. सैन्यांतही शिपाई आपल्या अधिकाऱ्यास बहुधा नांवानेंच संबोधतो. आणि तेथें मुलगे व मुली या दोघांसही सक्तीची लष्करी नोकरी असल्यामुळें ही संवय घरोघरीं पोंचते. बेंजामिन नेतान्याहू यांस सारा देश ‘बीबी’ म्हणतो, एरिएल शारोन हे ‘आरिक’ होते, आणि १९६९ पासून १९७४ पर्यंत पंतप्रधान असलेल्या गोल्डा मायर या नुसत्या ‘गोल्डा’. आपल्याकडेही पुढाऱ्यांस अण्णा, तात्या, दादा म्हणण्याची चाल आहे, परंतु दोहोंत अंतर आहे. आपण परक्यास घरांतला वडील करून घेतों. ते वडिलास बरोबरीचा सवंगडी करून घेतात.

या बरोबरीच्या वृत्तींतून जी बोलण्याची तऱ्हा निघाली तिला तेथें ‘दुगरी’ असें नांव आहे. हा शब्द मूळचा हिब्रू नव्हे. तुर्की भाषेंतील ‘सरळ, खरें’ या अर्थाचा शब्द अरबी बोलींत आला आणि तेथून तो हिब्रू बोलणारांनीं उचलला. हायफा विद्यापीठांतील तामार कात्रिएल या विदुषीनें १९८६ सालीं या एका शब्दावर अख्खें पुस्तक लिहिलें. ‘मी तुला दुगरी सांगतों’ अशी प्रस्तावना करून इस्रायली मनुष्य जें बोलतो, तें गोड नसतें हें ऐकणारा समजून असतो. तुझा लेख मला आवडला नाहीं, तुझा हा बेत फसणार, ही नोकरी तुझ्या आवांक्याबाहेरची आहे, असलीं वाक्यें तेथें मित्र मित्रास तोंडावर ऐकवितो आणि मग दोघे मिळून कॉफी पितात. यांत उद्धटपणा नाहीं असें मी म्हणत नाहीं. पुष्कळदां असतो, आणि त्या लोकांतील विचारी माणसेंही त्याबद्दल कुरकुरतात. परंतु मूळ कल्पना अशी कीं, खरें बोलणें ऐकण्याइतका समोरचा मनुष्य खंबीर आहे असें मानणें हाच त्याचा सन्मान. गोडगोड बोलणें म्हणजे त्यास दुबळा समजणें. यास्तव दुगरी बोलणें बरोबरीच्या माणसास किंवा वरिष्ठास शोभतें. ज्याला उलट उत्तर देण्याची सोय नाहीं अशा हाताखालच्या माणसास तोडून बोलण्यांत कसलें आलें आहे धैर्य?

ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे, असें मात्र समजूं नये. एलिएझर बेन येहूदा हा १८८१ सालीं जेरुसलेम येथें येऊन राहिला आणि घरांत केवळ हिब्रू बोलण्याचा त्यानें हट्ट धरला, तेव्हां ती भाषा प्रार्थनेची, ग्रंथांची व पत्रव्यवहाराची होती. बाजारहाटाची व पाळण्याची नव्हती. पुढें रशिया व पोलंड येथून तरुण मंडळी आली. १९१० सालीं गालील सरोवराच्या कांठीं देगानिया ही पहिली सामायिक शेतवसाहत उभी राहिली. आईबापांच्या गांवीं यहुदी मनुष्य जमीनदारापुढें आणि कोतवालापुढें वांकून, शब्द तोलून, हात जोडून बोलत आला होता. त्या बोलण्याची या तरुणांस शरम वाटे. नवी भाषा त्यांनीं बोलण्यास घेतली ती अशा मनःस्थितींत. दुसरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शिष्टाचार आपल्याला कोण शिकवितें? बहुशः आजी. ‘असें म्हणूं नये, तसें म्हणावें’ हें तिचें पालुपद. बोलक्या हिब्रूला पहिल्या दोन पिढ्या आजीच नव्हती. नातवंडांस शुद्ध हिब्रू येई, आणि आजी यिद्दिश किंवा अरबी बोलत बसे. मग ‘असें म्हणूं नये’ हें त्या भाषेंत सांगणार कोण?

त्या भूमींत जन्मलेल्या मुलांस ‘त्साबार’ किंवा ‘साबरा’ म्हणूं लागले. हें नांव आपल्या फड्या निवडुंगाच्या जातीच्या झाडाचें. बाहेरून कांटे आणि आंत गोड गर, असा त्याचा अर्थ ते सांगतात. आपल्या कुंपणांवरील फड्या निवडुंगाप्रमाणेंच तेंही झाड मूळचें अमेरिकेंतलें, म्हणजे परदेशांतूनच आलेलें. स्वदेशीपणाचें चिन्ह म्हणून निवडलेली वनस्पति अशी आगंतुक निघावी, हा दैवाचा विनोदच होय.

सभ्यतेची आजी नसली तरी वादाचे आजोबा मात्र या लोकांस भरपूर होते. यहुदी पाठशाळांत धर्मग्रंथाचें अध्ययन दोघे मिळून करतात. समोरासमोर बसावयाचें, एकानें अर्थ सांगावयाचा, दुसऱ्यानें तो मोडावयाचा. या जोडीस ‘हव्रुता’ म्हणतात, आणि त्या शब्दांतच मैत्रीचा अर्थ आहे. पूर्वपक्ष व उत्तरपक्ष यांच्या शास्त्रार्थांत वाढलेल्या आपल्या जुन्या पंडितांस तेथें परकें वाटलें नसतें. तालमूद ग्रंथांत तिसऱ्या शतकांतील दोन आचार्यांची हकीकत आहे. योहानान हा गुरु, आणि पूर्वायुष्यांत दरोडेखोर असलेला लाकीश हा त्याचा शिष्य, मेहुणा व वादांतील जोडीदार. एके दिवशीं तलवार, सुरी इत्यादि हत्यारें घडून पूर्ण कधीं झालीं असें मानावें, यावर वाद जुंपला. वादाच्या भरांत योहानान बोलून गेला कीं, दरोडेखोरास हत्यारांची माहिती असणारच. तो शब्द लाकीशच्या जिव्हारीं लागला. तो अंथरुणास खिळला आणि त्यांतच गेला. मग योहानानाच्या सांत्वनासाठीं एक विद्वान पाठविण्यांत आला. तो योहानानाच्या प्रत्येक विधानास आधार काढून देऊं लागला. योहानान हताश झाला. लाकीश माझ्या एकेका विधानावर चोवीस आक्षेप घेई, मला चोवीस उत्तरें शोधावीं लागत, आणि त्यांतून विषय वाढे. माझें बरोबर आहे हें मला ठाऊक नाहीं काय, असें त्याचें म्हणणें. तो शोकानें वेडा झाला व मेला. मताचा कितीही कठोर विरोध हा स्नेह, आणि माणसाच्या पूर्वायुष्यावर मारलेला एक टोमणा हा घात, ही सीमारेषा त्या लोकांस दीड हजार वर्षांपूर्वींच ठाऊक होती. तेल अवीवच्या आजच्या वादंगांत ती नेहमींच पाळली जाते, असें नव्हे.

दुसऱ्याचें बोलणें तोडणें हें आपल्याकडे असभ्य. तेथें पांच माणसें एकाच वेळीं बोलत असतात आणि प्रत्येकास प्रत्येकाचें ऐकूं येतें, असा देखावा जेवणाच्या टेबलाभोंवतीं नित्य दिसतो. डेबोरा टॅनन या अमेरिकन पंडितेनें न्यूयॉर्कच्या यहुदी मंडळींचें संभाषण तपासून १९८४ सालीं असें दाखविलें कीं, मध्येंच बोलणें हें अशा मंडळींत तोंड बंद करण्यासाठीं नसून ‘मी ऐकतों आहें, मला गोडी वाटते आहे’ हें कळविण्यासाठीं असतें. जो मधें बोलत नाहीं तो कंटाळला, असा अर्थ होतो. प्रश्नांचेंही तेंच. पगार किती, घरभाडें किती, लग्न कां केलें नाहीं, हे प्रश्न बसमध्यें शेजारीं बसलेला परका मनुष्य विचारतो, आणि तान्ह्या मुलास टोपी कां घातली नाहीं म्हणून रस्त्यांतली कोणीही बाई त्याच्या आईस फैलावर घेते. इंग्रज यानें चकित होतो. ज्यानें आपल्याकडे रात्रीच्या पॅसेंजर गाडीनें प्रवास केला आहे, तो होणार नाहीं.

इस्रायली मनुष्य ‘कृपया’ फारसें म्हणत नाहीं, अशी तक्रार करण्यापूर्वीं आपण स्वतःकडेही पाहावें. घरांत आईकडे पाणी मागतांना ‘कृपया’ म्हणणारा मराठी मुलगा मीं तरी पाहिला नाहीं. तो शब्द आपण पाट्यांवर लिहितों. आपली सभ्यता ‘देतां का’, ‘बसावें’, ‘यावें’ अशा क्रियापदांच्या रूपांत दडलेली असते. त्यांची स्वरांत, स्मितांत आणि ‘मोतेक’, म्हणजे ‘गोडुल्या’, अशा लाडक्या संबोधनांत असते. तरी एक दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. ‘फ्रायर’ म्हणजे सहज फसणारा, भोळसट. आपण फ्रायर ठरूं नये, याची इस्रायली मनुष्यास मोठी भीति. रांगेंत मुकाट्यानें उभा राहतो तो फ्रायर, वाट देतो तो फ्रायर. ‘फक्त एक प्रश्न विचारावयाचा आहे’ असें म्हणून रांग ओलांडणारा इसम हा तेथील सार्वकालिक विनोदाचा विषय आहे. याच्या उलट ‘फिर्गून’ हा एक सुंदर शब्दही त्याच भाषेंत आहे. दुसऱ्याच्या यशानें निर्मळपणें आनंदणें, आणि तो आनंद बोलून दाखविणें, असा त्याचा अर्थ. पातंजल योगांत जिला ‘मुदिता’ म्हटलें आहे ती हीच. फरक एवढाच कीं, आपण ती योगशास्त्रांत ठेवली, आणि तेथें कचेरींतला सहकारी ‘फिर्गून कर कीं जरा!’ असें तोंडावर मागून घेतो.

आतां आपल्या जिव्हाळ्याच्या भागाकडे वळूं. कोंकणांत शतकानुशतकें राहिलेला, शनिवारीं घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविला गेलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलणारा. पेणकर, केहीमकर अशीं गांवांवरून पडलेलीं त्यांचीं आडनांवें. प्रार्थनामंदिरांत उपासना संपतांच वडिलांपासून आरंभ करून एकमेकांच्या हातांस हात लावावयाचा आणि मग आपलीं बोटें ओठांस न्यावयाचीं, हा त्यांचा अभिवादनाचा जुना प्रकार. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनें इस्रायलला गेला व बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गांवीं वसला. मराठी सभ्यता घेऊन गेलेल्या या माणसांची गांठ दुगरी बोलणाऱ्या कचेऱ्यांशीं पडली. आपल्याकडे ‘बरें, पाहूं’ म्हणजे नकार, आणि गप्प बसणें म्हणजे नाराजी. तेथें ‘पाहूं’ म्हणजे खरोखरच पाहूं, आणि गप्प बसणें म्हणजे तक्रार नाहीं. घर व काम मागण्यासाठीं जो टेबलावर हात आपटीत असे त्याचें काम आधीं होई, आणि शांत, सोशिक अशी ख्याति असलेला हिंदी यहुदी बाकावर बसून राही.

शेवटीं तोही बोलला. रंगावरून भेदभाव होतो अशी तक्रार करून १९५१-५२ मध्यें कांहीं कुटुंबांनीं धरणें धरलें, आणि त्यांतील कांहीं भारतांत परतलीं. त्यांपैकीं पुष्कळजण पुढें पुन्हां इस्रायलला गेले. याहून मोठा प्रसंग १९६२ सालीं आला. बेने इस्राएल वधूवरांचा विवाह इतर यहुद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, अशा सूचना मुख्य धर्मपीठानें काढल्या. ज्या समाजानें अडीच हजार मैलांवर, कोणी विचारणारें नसतां, शनिवार पाळला, सुंता पाळली, त्यास ‘तुम्ही खरे यहुदी कशावरून?’ हा प्रश्न विवाहाच्या दारांत विचारला गेला. यापरतें दुगरी बोलणें कोणतें? दोन वर्षें निषेध चालला. १९६४ च्या उन्हाळ्यांत जेरुसलेम येथें बायकामुलांसह माणसें धरणें धरून बसलीं. त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत क्नेसेत या तेथील लोकसभेनें हा समाज सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचा आहे असें जाहीर केलें, आणि धर्मपीठानें सूचनांतून बेने इस्राएल हें नांव काढून टाकलें. हात आपटून नव्हे, तर बसून राहून हा लढा झाला, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. सत्याग्रहाची रीत ही मंडळी कोठून घेऊन गेली होती, हें सांगावयास नको.

माझा एक जुना विद्यार्थी या समाजांतला असून अश्दोद येथें राहतो. पहिल्या वर्षीं कारखान्यांत कोणी खावयास विचारलें कीं हा शिरस्त्याप्रमाणें ‘नको’ म्हणे आणि दुसऱ्या आग्रहाची वाट पाही. दुसरा आग्रह होत नसे. नको म्हणाला, म्हणजे त्यास नको आहे, इतका सरळ हिशेब! कित्येक दिवस तो भुकेला राहिला. आतां त्याची मुलगी शिक्षकिणीस नांवानें हांक मारते, वडिलांचें बोलणें मध्येंच तोडते, आणि मराठींत आजीशीं बोलतांना मात्र न चुकतां ‘तुम्ही’ म्हणते. एकाच मुखांत दोन रीति नांदूं शकतात, हें ऐकून मला बरें वाटलें. तेथील बेने इस्राएलांनीं ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिकही काढलें आणि वर्षानुवर्षें चालविलें.

इस्रायल म्हणजे केवळ हे साबरा लोक नव्हेत. लोकसंख्येचा सुमारें पांचवा हिस्सा अरब असून त्यांची रीत अगदीं निराळी आहे. समोरच्याचें मन राखून, वळण घेऊन बोलण्याच्या त्यांच्या कलेस ‘मुसायरा’ म्हणतात. बेदुइन यजमान लहान पेल्यांत कडू कॉफी देतो, आणि ‘पुरे’ म्हणण्याऐवजीं पाहुण्यानें रिकामा पेला किंचित् हलवावयाचा असतो. १९८४-८५ मध्यें व पुन्हां १९९१ मध्यें विमानांनीं आणलेले इथिओपियाचे यहुदी वडिलांसमोर दृष्टि खालीं ठेवून हळू बोलत. डोळ्यांस डोळा न देणारें मूल मंद समजलें जाण्याचा धोका तेथील शाळांत होता. असें मूल आपल्या जुन्या शाळेंत सुशील ठरलें असतें.

आणि हे बोलघेवडे लोक एका प्रसंगीं पूर्ण गप्प बसतात. घरांत मृत्यु झाला कीं निकटचे आप्त सात दिवस ठेंगण्या आसनांवर बसून शोक करतात. त्यास ‘शिव्हा’ म्हणतात. दार उघडें असतें. भेटीस येणारानें तें ठोठावावयाचें नाहीं, कोणास नमस्कार करावयाचा नाहीं. आंत येऊन बसावें, आणि दुःखी मनुष्य आपण होऊन बोलेपर्यंत तोंड उघडूं नये, असा जुना नियम. स्वयंपाकाचें शेजारी पाहतात. आपल्याकडे समाचारास आलेला मनुष्य ‘कसें झालें हो?’ असें विचारून तीच हकीकत दहादां वदवून घेतो, त्यापेक्षां ही चाल मला शहाणपणाची वाटते.

अलीकडे आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें नोकरीनिमित्त किंवा अध्ययनासाठीं तिकडे जातात. त्यांस भेटावयास जाण्याचा योग आला तर कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. दुपारीं दोन ते चार ही विश्रांतीची वेळ. त्या वेळीं कोणाच्या घरीं जाऊं नये. पुण्याच्या वाचकांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. शुक्रवारीं रात्रीं जेवावयास बोलावणें आलें तर तो मोठा मान समजावा. घर धर्मनिष्ठ असेल तर सूर्यास्तापूर्वीं पोंचावें, दाराची घंटा वाजवूं नये, दिव्याच्या बटणास हात लावूं नये आणि फोन बाहेर काढूं नये. अशा घरीं स्त्रीपुरुष परस्परांस हस्तांदोलन करीत नाहींत; आपला नमस्कार तेथें फार उपयोगी पडतो. मांस आणि दूध एके ठिकाणीं न येऊं देण्याचा त्यांचा कडक नियम शाकाहारी माणसाच्या सोयीचा आहे. ‘हलावी’ अशी पाटी असलेल्या उपाहारगृहांत मांस मिळत नाहीं; परंतु तेथें मासे व अंडीं असूं शकतात, म्हणून विचारून घ्यावें. विचारण्यास संकोच करूं नये, आणि खरोखर भूक असेल तर ‘नको’ म्हणूं नये. कोणी हाताचीं पांचही बोटें वर जुळवून तुमच्यासमोर हलविलीं तर रागावण्याचें कारण नाहीं. ‘थांब जरा’ एवढाच त्याचा अर्थ. जीभ टाळूस लावून ‘च्’ असा आवाज केला, तर समजावें कीं उत्तर ‘नाहीं’ असें आहे.